वऱ्हाडच्या कापसाला धडे देणाऱ्यांना

‘शेतीकडे धंदा म्हणून पाहा’ हा सल्ला अमरावती-अकोल्यात आता कृषी प्रदर्शनाच्या मांडवापासून बँकेच्या शाखेपर्यंत कुठेही ऐकायला मिळतो. त्यामागचे गणित असे की धंद्याचा अनुभव गाठीशी असावा, त्याला तंत्रज्ञानाची जोड द्यावी, मग खर्च आपोआप घटतो आणि नफा आपोआप वाढतो. ज्याचा नफा वाढला नाही त्याने धंदा नीट शिकून घेतला नाही, हा त्यातला न बोललेला भाग. मला या गणितातल्या दुसऱ्या ‘आपोआप’वर आक्षेप आहे. अनुभवाने आणि तंत्राने क्विंटलमागचा खर्च घटतो, हे बहुतेक वेळा खरे असते. पण घटलेला खर्च ज्याने घटवला त्याच्याच खिशात नफा म्हणून उतरतो, हे मात्र खरे नाही. तो पैसा कोणाकडे जाईल हे ठरते निविष्ठांचा भाव कोण ठरवतो आणि मालाचा भाव कोण ठरवतो यावर. वऱ्हाडात पऱ्हाटी लावणारा माणूस बियाण्याची पिशवी छापील किमतीला घेतो आणि कापूस दुसऱ्याने पुकारलेल्या भावाला विकतो. या दोन्ही ठिकाणी त्याचा अनुभव कामाला येत नाही.

आधी या सल्ल्याची जमेची बाजू मान्य करू. 1936 मध्ये टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिले की विमाने जसजशी जास्त बनतात तसतसा दर विमानामागचा खर्च ठरावीक प्रमाणात उतरत जातो, कारण हात सरावतात आणि चुका कमी होतात. सौर पॅनेलांचे, मोबाइलचे भाव याच वाटेने खाली आले. पण त्या उतरलेल्या खर्चाचे पुढे काय झाले? चढाओढ तीव्र होती तिथे त्याचा बराचसा लाभ गिऱ्हाइकाने नेला. पॅनेल स्वस्त झाले, पण ते बनवणारे कितीतरी कारखाने बुडाले. शेतीच्या बाबतीत हीच गोष्ट विलार्ड कॉक्रेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1958 मध्ये नेमकी मांडली. नवे तंत्र पहिल्यांदा उचलणारे थोडे शेतकरी काही हंगाम नफा कमावतात. मग सगळेच ते उचलतात, माल वाढतो, भाव पडतो, आणि तंत्राचा खर्च तेवढा कायमचा मागे लागतो. जो उचलत नाही तो बुडतो, जो उचलतो तो होता तिथेच राहतो. धंदेवाईक शेतीचा धडा देणारे या धड्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

वऱ्हाडला हा अनुभव दीडशे वर्षांपूर्वीच आला आहे. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे आले, आणि 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या काळात इथल्या कापसाला मँचेस्टरकडून तुफान मागणी आली. 1867 पर्यंत भुसावळहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने खामगावची रेल्वेशाखा आणि कापसाचा बाजार यांचे उद्घाटन केले. बैलांच्या तांड्यांवर आणि गाड्यांवर आठवड्यांचा प्रवास करून, धूळ आणि पाऊस खात जाणारा माल आता दाबाच्या गाठी बांधून थेट मुंबईच्या बंदराकडे निघाला. वाहतुकीचा खर्च घटला, नासाडी घटली, वेळ वाचला. तंत्रज्ञानाने खर्च कमी होतो याचे यापेक्षा ठळक उदाहरण या भागात दुसरे नाही. पण रॅली, व्होल्कार्ट यांसारख्या निर्यातदार पेढ्या खामगावपर्यंत येऊन बसल्या, आणि भाव लिव्हरपूलच्या तारेवर ठरू लागला. यादवी संपताच तो एकदा कोसळलाही होता. कापसाखालची जमीन मात्र वाढत राहिली, ज्वारीची मागे पडली. 1899-1900 च्या दुष्काळात रेल्वे, जिन आणि प्रेस असलेला हाच संपन्न कापूसपट्टा भुकेने होरपळला. रेल्वे वाईट होती असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. तिने वाचवलेला पैसा पेढ्यांच्या आणि गिरण्यांच्या हिशेबात जमा झाला, कापूस पिकवणाऱ्याच्या नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

आता अलीकडच्या काळातले सर्वांत मोठे तंत्र पाहू. बीटी कापसाला भारतात मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा काथागे आणि काइम या संशोधकांचा आहे, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांची 2002 ते 2008 अशी पाहणी करून त्यांनी 2012 मध्ये लिहिले की बीटीमुळे एकरी उत्पादन 24 टक्क्यांनी आणि कापसातला नफा 50 टक्क्यांनी वाढला. तो काळ हिरव्या बोंडअळीपासून सुटकेचा होता, फवारण्या कमी झाल्या होत्या, आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने हे बियाणे कोणाच्या जबरदस्तीने नव्हे, तर डोळ्यांनी फरक पाहून घेतले. पण ती पाहणी 2008 ला थांबते आणि गोष्ट पुढे चालू राहते. गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या पिढीच्या आणि मग 2006 मध्ये आलेल्या बोलगार्ड-2 च्या विषालाही दाद देणे बंद केले. 2017 च्या हंगामात विदर्भातली बोंडे आतून किडलेली निघाली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 2020 मध्ये वीस वर्षांची आकडेवारी एकत्र मांडली. 2018 पर्यंत कापूस उत्पादकाचा कीटकनाशकांवरचा हेक्टरी खर्च बीटी येण्यापूर्वीपेक्षा 37 टक्के जास्त झाला होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उत्पादनवाढीचा मोठा वाटाही त्यांनी खते, सिंचन आणि नव्या कीटकनाशकांना दिला. देशाचे रुईचे हेक्टरी उत्पादन 2001-02 मध्ये 308 किलो होते, ते 2007-08 मध्ये 554 किलोपर्यंत चढले आणि आता साडेचारशेच्या आसपास उतरले आहे. दोन्ही अभ्यास आपापल्या काळापुरते खरे आहेत. नफ्याची वर्षे थोडी होती, वाढलेला खर्च मात्र कायम राहिला.

यातला बियाण्याच्या पिशवीचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. सुरुवातीला 450 ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या आसपास होती आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्राच्या शुल्काचा होता. 2006 मध्ये ती साडेसातशेवर आली. तंत्र जुने झाले, कंपनीचा अनुभव वाढला, उत्पादनखर्च उतरला म्हणून ती उतरली का? मुळीच नाही. आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेले म्हणून ती उतरली. पुढे डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला, तेव्हा कुठे देशभर एक भाव झाला. 2020-21 मध्ये तंत्राचे शुल्क शून्यावर आणले गेले, पिशवी 730 रुपयांची होती. 2025-26 मध्ये तीच बोलगार्ड-2 ची पिशवी 901 रुपयांना मिळत होती. म्हणजे ज्या गुणासाठी ती घ्यायची त्या गुणाला गुलाबी बोंडअळी जुमानत नाही, त्याचे शुल्कही नाही, आणि किंमत मात्र चढती आहे. कोणत्या व्यवस्थापनशास्त्रात हे बसते, ते सल्लागारांनी सांगावे.

आता अनुभवाकडे वळू, कारण सल्ल्याचा अर्धा भार त्याच्यावर आहे. अनुभव साठतो तो एकच गोष्ट पुन्हापुन्हा करता आली तर. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया इथे बीटी जनुक सरळ वाणात आले. आपल्याकडे ते जवळजवळ संपूर्णपणे संकरित बियाण्यात आले, ज्याची सरकी पुढच्या वर्षी पेरता येत नाही. त्यामुळे दर मृगाला नवी पिशवी घ्यावी लागते, आणि बाजारात नावांचा एवढा सुळसुळाट होता की काही वर्षांतच मंजूर संकरांची संख्या हजाराच्या वर गेली. स्टोन यांनी 2007 मध्ये तेलंगणातल्या वारंगळच्या अभ्यासात दाखवले की तिथले शेतकरी दरवर्षी वाण बदलत होते, तेही स्वतःच्या शेतातल्या निकालावरून नव्हे, तर गावात कशाची चलती आहे ते पाहून. वऱ्हाडातल्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जूनमध्ये जे चालते ते याहून वेगळे नाही. मागच्या वर्षी चाललेले वाण यंदा मिळत नाही, किंवा त्याच नावाच्या पिशवीसोबत दुसरेच काहीतरी गळ्यात मारले जाते. अशा ठिकाणी चाळीस वर्षे पऱ्हाटी केलेल्या माणसाचा अनुभव दर हंगामाला नव्याने शून्यापासून सुरू होतो.

याच बाजारात अनुभवाचे मोल पूर्ण वसूल करणारी माणसेही आहेत. जिनिंगवाला कापूस मुठीत दाबून ओलावा सांगतो, तंतू ओढून लांबी सांगतो, आणि क्विंटलभर कापसातून 33 किलो रुई निघेल की 36 याचा अंदाज बांधून बोली लावतो. सरकीचा भाव, ढेपेचा भाव, गाठींचा वायदा हे त्याच्या बोटांवर असते. फेब्रुवारी 2000 मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले, कचरा कमी झाला, गाठी सुधारल्या. या सगळ्याने त्याचा खर्च घटला आणि नफा वाढला, यात मला काही वावगे दिसत नाही. पण शेतकऱ्याला पैसे रुईच्या उताऱ्यावर मिळत नाहीत, कापसाच्या वजनावर मिळतात. चांगल्या वाणातून दोन किलो रुई जास्त निघाली तर ती जिनमध्ये निघते, आणि तिथेच तिचा हिशेब होतो. ओलावा जास्त असला तर कट्टी मात्र शेतकऱ्याच्या काट्यावर होते. म्हणजे अनुभव आणि तंत्र यांतून नफा निघतो हे खरे, पण तो भाव मोजण्याची पद्धत ज्याच्या हातात असते त्याच्याकडे निघतो.

कोणी म्हणेल, हे सगळे जुने रडगाणे झाले, चांगली वर्षेही आली होती. आली होती. 2021-22 च्या हंगामात अकोटच्या बाजारात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि कित्येक वर्षांनंतर वऱ्हाडातल्या कापूसवाल्याच्या हातात पैसा खुळखुळला. त्या वर्षी काय नवीन होते? बियाणे तेच, गुलाबी बोंडअळी तीच, शेतकऱ्याचा अनुभव एका वर्षाने जास्त. बदलला तो न्यूयॉर्कचा वायदा, जो मे 2022 मध्ये पाऊंडाला दीड डॉलरच्याही वर गेला. तो नफा भावाचा होता. पुढे काय झाले तेही लक्षात ठेवावे: गिरण्यांनी ओरड केली आणि केंद्राने 14 एप्रिल 2022 पासून कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले. ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा तेच झाले. 19 ऑगस्टपासून शुल्क माफ, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदतवाढ देऊन डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका सीतादहीच्या वेचणीपासून वऱ्हाडचा बराच कापूस घराबाहेर पडेपर्यंतचा काळ. त्याच हंगामात भारतीय कापूस महामंडळाने (सीसीआय) खरेदीसाठी ‘कपास किसान’ हे अ‍ॅप आणले. मोबाइलवर नोंदणी, मोबाइलवर तारीख. तंत्रज्ञानाने रांग कमी होईलही, पण रांगेच्या दुसऱ्या टोकाला जो भाव आहे तो अ‍ॅप ठरवत नाही.

सध्या सर्वांत जास्त बोलबाला आहे तो अतिघन लागवडीचा. तिला दिल्लीतही ‘अकोला मॉडेल’ म्हणतात, याचा अभिमान असायला हरकत नाही. हिशेब मांडून पाहू. तीन बाय दोन फुटांवर एकरात 7,260 झाडे बसतात, तीन बाय अर्ध्या फुटावर 29,040. पहिल्याला दोन पिशव्या, दुसऱ्याला सहाच्या आसपास. 901 रुपयांनी हा फरक 3,604 रुपयांचा. समजा एकरी पाच क्विंटलचे आठ क्विंटल झाले. 2025-26 च्या मध्यम धाग्याच्या 7,710 रुपये हमीभावाने वाढीव तीन क्विंटलचे 23,130 रुपये येतात. किलोला दहा रुपयांप्रमाणे वेचणीचे तीन हजार आणि बियाण्याचा फरक वजा केला तर 16,526 रुपये उरतात. त्यातून वाढरोधकाची फवारणी, जादा खत आणि जादा औषध जायचे, तरीही हातात काहीतरी राहते. तंत्र चांगले आहे, यात शंका नाही. आता भाव हमीभावापेक्षा हजार रुपयांनी पडला असे धरा. आठ क्विंटलवर आठ हजार रुपये गेले, म्हणजे त्या 16,526 रुपयांपैकी जवळपास अर्धी रक्कम एका बोलीत साफ. पाच क्विंटल पिकवणाऱ्याचे पाचच हजार बुडतात. जास्त पिकवणाऱ्याला भावाचा मार जास्त बसतो. आणि जूनमध्ये पाऊस उघडला तर? अठराशेच्या ऐवजी पाच हजार चारशेंचे बियाणे मातीत जाते, दुबार पेरणीला तेवढेच पुन्हा. खोल काळ्या जमिनीचा, विहिरीला पाणी असलेला शेतकरी हे पेलतो. मुरमाड टेकाडावरचा कोरडवाहू शेतकरी मॉडेलमध्ये बसत नाही, आणि मग त्याच्यावर मागासलेपणाचा शिक्का बसतो.

प्रतिपक्षातला सर्वांत प्रामाणिक आक्षेप शेतकरी संघटनेचा आहे. तिचे संस्थापक शरद जोशी यांनी आपल्या अनुयायांना तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य हे बाजाराच्या स्वातंत्र्याइतकेच मोलाचे मानायला शिकवले. 10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला संघटनेने तणनाशक-सहनशील बीटीची उघड पेरणी केली ती याच भूमिकेतून. निंदणाची मजुरी कापसाचा कणा मोडते, ही त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. मंजुरीविना ते बियाणे चोरवाटेने येते, त्याला ना बिल ना जबाबदार कंपनी, आणि फसवला गेलेला शेतकरी तक्रार कुठे करणार, हाही त्यांचा मुद्दा मला पटतो. मी फक्त एवढेच विचारतो की निंदणाचे वाचलेले पैसे पुढच्या तीन वर्षांत पिशवीच्या किमतीत आणि तणनाशकाच्या डब्यात जाणार नाहीत याची हमी कशात आहे? स्वातंत्र्य घेणाऱ्याला हवे तसे विकणाऱ्यालाही आहे, आणि विकणारा संख्येने मोजका आहे. जोशींनीच आयुष्यभर सांगितले की शेतकऱ्याच्या गरिबीचे कारण त्याच्या मेहनतीत किंवा अकलेत नाही, भावात आहे. त्यांच्या या वाक्यानंतर ‘तंत्र आणा, नफा वाढेल’ हे अपुरे वाटते. बाकी, पूर्णपणे यांत्रिक, अनुभवी कापूस उत्पादक अमेरिकेत आहे. वेचणीलाही त्याच्याकडे यंत्र आहे. तरीही त्याला सरकारी अनुदान लागते, एवढे की 2005 मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्धचा खटला जिंकला. तंत्र आणि अनुभव पुरेसे असते तर त्या अनुदानाची गरजच काय होती?

दुसरा आक्षेप गुजरातचा. तेच बियाणे, मग सौराष्ट्रात जास्त पीक का? कारण तिथे पाणी आहे. महाराष्ट्राचा कापूस बहुतांशी पावसावर, आणि कोरडवाहू जमिनीत उशिरा पक्व होणारा संकर पावसानंतर तहानतो. इथे कमी मुदतीचे, बी राखता येणारे सरळ वाण लागते, हे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या संशोधकांना नव्याने सांगायची गरज नाही. ‘रजत’ हे वाण त्यांचेच आहे, आणि त्यात बीटी जनुक घालण्याचे कामही सरकारी संस्थेने केले. पण कंपनीच्या पिशवीइतका जोर लावून ते काउंटरवर कोणी पुढे करत नाही, कारण एकदा विकलेले बी शेतकरी पुढच्या वर्षी घरचेच पेरणार. विक्रेत्याच्या दृष्टीने तो तोटा आहे. नेमक्या या जागी तंत्र खर्च घटवते आणि नफा शेतकऱ्याकडे राहतो, आणि नेमके तेच तंत्र मागे पडते.

तंत्राने नफा वाढल्याचे एक उदाहरण अकोल्यातच सापडते. अकोला डाळ मिलांचे मोठे केंद्र आहे, आणि कृषी विद्यापीठाने विकसित केलेली छोटी डाळ मिल गावागावांत बचत गटांनी, सुशिक्षित तरुणांनी चालवली. तिथे तूर विकली जात नाही, डाळ विकली जाते, आणि डाळीचा भाव विकणारा सांगतो. चुरी, कोंडा तिथेच राहतो. यंत्र साधे आहे, पण त्याने भावाच्या साखळीतली एक कडी गावात आणली, म्हणून नफा वाढला. त्यालाही मर्यादा आहे: मे 2021 पासून केंद्राने तुरीची आयात निर्बंधमुक्त केली आणि ती मुदत वर्षानुवर्षे वाढवली. त्या धोरणापुढे छोट्या मिलचा अनुभव थिटा पडतो.

म्हणून सल्ला देणाऱ्यांनी आता सल्ल्याचा पत्ता बदलावा. कापसाचा भाव रुईच्या उताऱ्यावर द्या, हे बाजार समितीला आणि सीसीआयला सांगा. सरळ बीटी वाणांचे बी मुबलक काढा, हे अकोल्यातच मुख्यालय असलेल्या महाबीजला सांगा. आयातशुल्काचा निर्णय पेरणीच्या आधी जाहीर करा आणि वेचणी चालू असताना बदलू नका, हे दिल्लीला सांगा. यातले एकही काम वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हातात नाही, आणि त्याने धंदा कसा करावा हे सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आजवर ही तीन पत्रे लिहिली आहेत.